सराउंड ध्वनीसाठी आठ स्पीकर : पुढे उत्तम आणि मागे साधे, की सगळे एकसारखे?

अष्टदिशा (धागाकर्ता)

नमस्कार. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा खोलीत मी सराउंड ध्वनीची मांडणी करायला घेतली आहे. खोलीच्या मधोमध एक खुर्ची आणि तिच्याभोवती दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर कानाच्या उंचीला आठ स्पीकर, असा आराखडा आहे. या मांडणीचा उपयोग दोन प्रकारे होईल. ५.१ पद्धतीची (पुढे तीन, मागे दोन आणि खर्जाची एक अशा वाहिन्यांची) तयार ध्वनिमुद्रणे ऐकायची आहेत, आणि चार कॅप्सूलांच्या मायक्रोफोनवर मी स्वतः केलेली ॲम्बिसॉनिक (एका जागी सर्व दिशांनी येणारा आवाज टिपणारी) ध्वनिमुद्रणेही ऐकायची आहेत. पुढेमागे संगणकावर तिसऱ्या श्रेणीचे (श्रेणी जितकी वरची, तितकी दिशा अधिक रेखीव) मिश्रण करण्याचाही विचार आहे.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत आणि दोन्हींचा खर्च जवळपास सारखाच येतो. पहिल्या पर्यायात पुढचे तीन स्पीकर मोठे, तीन मार्गांचे (खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीला पेटीत वेगळा भाग असलेले) आणि नावाजलेले घ्यायचे, आणि उरलेले पाच लहान व साधे घ्यायचे. दुसऱ्या पर्यायात आठही स्पीकर एकाच नमुन्याचे, मध्यम दर्जाचे आणि दोन मार्गांचे घ्यायचे. खर्जासाठीचा सबवूफर दोन्ही पर्यायांत वेगळा आहेच. ज्यांनी अशी मांडणी केली आहे त्यांनी कोणता मार्ग निवडला आणि त्याचा पुढे पश्चात्ताप झाला का, हे जाणून घ्यायला आवडेल.

कानसेन

माझे मत निःसंशय पहिल्या पर्यायाला आहे. ५.१ च्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत संवाद, गायन आणि मुख्य वाद्ये पुढेच असतात, तर मागून फार तर पाऊस, टाळ्या आणि सभागृहाची घुमी येते. टाळ्या वाजवण्यासाठी तीन मार्गांचा स्पीकर लागत नाही. मी स्वतः गेली कित्येक वर्षे पुढे मोठे आणि मागे लहान स्पीकर ठेवून ऐकतो आहे, आणि मला कशाचीही उणीव जाणवलेली नाही. दर्जा जिथे ऐकू येतो तिथेच खर्च करावा.

मोजपट्टी

कानसेन यांच्याशी अर्धा सहमत आहे. केवळ ५.१ ऐकायचे असते तर त्यांचा सल्ला चालून गेला असता, जरी आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) बीएस ७७५ या शिफारशीत मागच्या स्पीकरांना दुय्यम मानलेले नाही. ती शिफारस मधला स्पीकर शून्य अंशावर, डावा-उजवा प्रत्येकी ३० अंशांवर आणि सराउंडचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान, पाचही सारख्याच अंतरावर ठेवायला सांगते.

धागाकर्त्यांचा दुसरा उपयोग मात्र वेगळ्या जातीचा आहे. १९७० च्या दशकात मायकेल गर्झन यांनी ज्या ॲम्बिसॉनिक पद्धतीचा पाया घातला, तिच्यात 'हा स्पीकर गायकाचा, तो टाळ्यांचा' अशी वाटणीच नसते. समोरून येणारा आवाज उभा करण्यासाठी मागचे स्पीकरही काही ना काही वाजवत असतात, कधी तर उलट्या फेजने, म्हणजे एक हवा ढकलत असताना दुसरा ओढत. ऐकणाऱ्याच्या डोक्यापाशी या सगळ्यांची बेरीज आणि वजाबाकी होऊन एक दिशा तयार होते. बेरजेतल्या आकड्यांपैकी तीन एका एककात आणि पाच दुसऱ्या एककात असतील, तर उत्तर काय येईल ते वेगळे सांगायला नको. दोन भिन्न नमुन्यांच्या स्पीकरांत क्रॉसओव्हरच्या (खालच्या पट्टीचा वूफर आणि वरच्या पट्टीचा ट्विटर जिथे काम वाटून घेतात त्या सीमेच्या) आसपासची फेज वेगळी असते, आणि ग्राफिक इक्वलायझरने पातळ्या जुळवल्या तरी तो फरक तसाच राहतो.

त्यामुळे माझे मत दुसऱ्या पर्यायाला. पण 'एकसारखे' म्हणजे केवळ एकाच नमुन्याचे असून भागत नाही. अक्षावरचा, म्हणजे थेट समोरून मोजलेला, कंप्रतेचा आलेख सपाट हवाच, शिवाय अक्षापासून ३० आणि ६० अंश बाजूला गेल्यावर तो एकसंधपणे उतरत गेला पाहिजे, मध्येच खड्डा पडता कामा नये. निर्मात्याने 'अमुक ते तमुक हर्ट्झ, अधिक-उणे ३ डेसिबल' एवढेच छापले असेल, तर त्या मर्यादेत सहा डेसिबलचा चढउतार लपू शकतो. ज्यांचे सीटीए २०३४ या प्रमाणित मोजणीपद्धतीने केलेले सर्व दिशांचे आलेख मिळतात, असेच स्पीकर मी यादीत ठेवीन.

ओहमकार

मागून येणाऱ्या आवाजाचा पोत कानाच्या पाळीमुळे तसाही बदलतो. तोच स्पीकर समोर ठेवला आणि पाठीमागे ठेवला तर तो दोनदा वेगळा ऐकू येतो. मग 'एकसारखे स्पीकर' या हट्टाला अर्थ काय उरला?

मोजपट्टी

ओहमकार, निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष बरोबर नाही. पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाचा आवाजही पाळीमुळे बदलूनच आपल्या कानात शिरतो, आणि मेंदूला ती सवय जन्मभराची आहे. त्या बदलावरूनच तर तो 'मागे' हे ओळखतो. स्पीकरने स्वतःचा आणखी एक बदल त्यात मिसळला, तर मेंदूला दिशा आणि पोत यांची फारकत करता येत नाही.

यासाठी एक सोपी चाचणी आहे. एक स्पीकर ३० अंशांवर आणि दुसरा ११० अंशांवर ठेवून दोघांतून आळीपाळीने गुलाबी गोंगाट (सर्व सप्तकांत सारखी ऊर्जा असलेला चाचणीचा आवाज) वाजवावा. पोत वेगळा ऐकू येईल. मग खुर्ची ७० अंश वळवावी, म्हणजे ते दोन्ही स्पीकर तुमच्या डावी-उजवीकडे ४० अंशांवर समान अंतरावर येतील. आता जो फरक उरेल तो स्पीकरांचा किंवा खोलीचा. जो नाहीसा झाला, तो कानाचा होता.

तारेवरची कसरत

सूक्ष्म ध्वनिशास्त्र चालू द्या, मी जरा जमिनीवरचे बोलतो.

पहिली गोष्ट संवेदनशीलतेची. समजा ८ ओहमचा स्पीकर २.८३ व्होल्टला, म्हणजे एका वॉटला, एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. दीड मीटरवर साडेतीन डेसिबल कमी होऊन ८२.५ उरतात. चित्रपटाच्या संदर्भपातळीची १०५ डेसिबलची शिखरे गाठायची तर आणखी २२.५ डेसिबल हवेत, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला जवळपास १८० वॉट. खोलीच्या परावर्तनांमुळे प्रत्यक्षात थोडे कमी लागतील, पण 'लहान खोलीला लहान ॲम्प्लिफायर' हा हिशेब किती फसवा आहे ते यावरून दिसेल. घरात इतक्या मोठ्याने फारसे कुणी ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. तसेच ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की तो एक नव्हे, दोन वॉट खातो. म्हणून दोन स्पीकरांच्या संवेदनशीलतेची तुलना करताना ओहमचा आकडा बघितल्याखेरीज पुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट ॲम्प्लिफायर पोटात असलेल्या सक्रिय स्पीकरांची. आठ वेगळे ॲम्प्लिफायर टळतात हे खरे, पण आठ वीजजोडण्या आणि आठ संकेततारा येतात. तारा संतुलित घ्याव्यात, नाहीतर जमिनीच्या (अर्थिंगच्या) फेऱ्यातून येणारी गुणगुण आठही दिशांनी ऐकू येईल. शांत खोलीत आणि इतक्या जवळून ट्विटरची सुसूही जाणवते, आणि आठ सुसू एकत्र आल्यावर ती नऊ डेसिबलने वाढते.

तिसरी गोष्ट माझ्यावर गुदरलेली. मी घेतलेल्या सक्रिय स्पीकरांत वीजबचतीची सोय होती आणि काही मिनिटे संकेत आला नाही की ते झोपी जात. पुढच्यांना कधी झोप लागली नाही, पण मागचे दोघे प्रत्येक शांत प्रसंगात डोळा लावत आणि पहिल्या टाळीला 'टक्' असा आवाज करून उशिरा जागे होत. चार महिने मी डिकोडरला, म्हणजे मुद्रणातून प्रत्येक स्पीकरचा संकेत काढणाऱ्या साधनाला, दोष देत होतो. ही सोय बंद करता येते की नाही, हे आधी पाहावे.

कानसेन

मागचे स्पीकर झोपले तरी चार महिने निदान झाले नाही, यातच माझा मुद्दा सिद्ध झाला असे मी नम्रपणे नोंदवतो.

नवी वाचक

मी या विषयात नवीन आहे. चित्रपटगृहात बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर ओळीने कितीतरी स्पीकर लावलेले दिसतात. घरीही प्रत्येक बाजूला एकाऐवजी तीन-तीन लहान स्पीकर लावले तर अधिक चांगला घेर मिळणार नाही का?

पडद्यामागे

चित्रपटगृहांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम केले आहे म्हणून उत्तर देतो. ती ओळ घेर वाढवण्यासाठी नसते, शेकडो आसनांची अडचण सोडवण्यासाठी असते. एकच स्पीकर लावला तर त्याच्याखाली बसलेल्याचे कान किटतील आणि मधल्या माणसाला काहीच ऐकू येणार नाही. म्हणून ५.१ च्या सभागृहात डाव्या भिंतीवरचे सगळे स्पीकर मिळून एकच वाहिनी वाजवतात. खुर्ची एकच असेल तर तीन स्पीकरांतून एकच संकेत वाजवण्याने नुकसानच होते, कारण तिघांचे अंतर किंचित वेगळे असल्यामुळे काही कंप्रता एकमेकींना मारतात आणि आलेखाला कंगव्याचे दात येतात.

याच संदर्भात एक सावधगिरी. ५.१ च्या चित्रपटगृहात पडद्यामागची प्रत्येक वाहिनी ८५ डेसिबलला आणि दोन सराउंड वाहिन्या प्रत्येकी ८२ डेसिबलला जुळवतात. घरगुती मांडणीत सगळ्या वाहिन्या एकाच पातळीवर ठेवतात. चित्रपटगृहाचा आकडा वाचून कुणी घरचे मागचे स्पीकर तीन डेसिबलने खाली आणू नयेत.

जुना श्रोता

द्विध्रुवी (दोन बाजूंना उलट्या फेजने वाजणाऱ्या) स्पीकरांचे नाव कुणीच कसे काढले नाही? एके काळी मागच्या बाजूला तेच लावावेत असा आग्रह असे. त्यांची बिनआवाजाची बाजू ऐकणाऱ्याकडे करायची, म्हणजे आवाज भिंतींवरून फिरून येतो आणि स्पीकर कुठे आहे ते कळत नाही.

मोजपट्टी

तो आग्रह त्या काळाला शोभणारा होता. १९८७ मध्ये आलेल्या डॉल्बी प्रो लॉजिक या घरगुती सराउंड पद्धतीत सराउंडची वाहिनी एकच असे आणि तीही ७ किलोहर्ट्झपर्यंतच. एकच संकेत दोन स्पीकरांतून वाजवला की तो डोक्याच्या आत किंवा मानेमागे चिकटतो, म्हणून त्याला पसरवणे भाग होते. आता वाहिन्या स्वतंत्र आणि पूर्ण कंप्रतेच्या आहेत. ॲम्बिसॉनिकला तर थेट आवाजच हवा. भिंतीवरून फिरून आलेला आवाज त्या बेरजेत बसत नाही.

खोलीचा कोपरा

सगळे स्पीकरांविषयी बोलत आहेत, भिंतींविषयी कुणी बोलत नाही. धागाकर्त्यांचा आराखडा मी कागदावर काढून पाहिला. एक स्पीकर नेमका समोर ठेवला, तर समोरचा आणि पाठीमागचा आपापल्या भिंतीपासून एक मीटरवर, अगदी बाजूचे दोघे अर्ध्या मीटरवर, आणि तिरके चौघे निराळ्याच अंतरावर येतात. स्पीकरच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज, जिथे ते अंतर तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतके असते, तिथे थेट आवाजाला मारतो. एक मीटरला तो खड्डा सुमारे ८६ हर्ट्झवर आणि अर्ध्या मीटरला सुमारे १७० हर्ट्झवर पडतो. म्हणजे कारखान्यातून जुळी भावंडे आणली तरी खोली त्यांना सावत्र करून टाकते.

त्यावर उपाय म्हणून सगळे वर्तुळ साडेबावीस अंशांनी फिरवावे. मग स्पीकर डावी-उजवीकडे २२.५, ६७.५, ११२.५ आणि १५७.५ अंशांवर येतील आणि अंतरांचे गट दोनच उरतील. पुढचे-मागचे चौघे आपापल्या भिंतीपासून सुमारे १.११ मीटरवर आणि बाजूचे चौघे सुमारे ०.६१ मीटरवर. गटागटाने दुरुस्ती करणे त्यामुळे सोपे होते. शिवाय ११२.५ अंश ही जागा ५.१ च्या सराउंडसाठी आपसूक योग्य पट्ट्यात पडते. स्पीकर निवडताना बंद पेटीचा, किंवा निदान मागच्या बाजूला भोक नसलेला पाहावा, म्हणजे भिंतीजवळ ठेवताना हात आखडावा लागत नाही.

कानसेन

पण मध्यम आकाराच्या दोन मार्गांच्या स्पीकरातून खर्ज कुठून आणणार? आठांचे आठही वरच्या पट्टीत किणकिणत बसतील.

तारेवरची कसरत

खर्जासाठीच तर सबवूफर आहे. ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर ठेवला की आठही स्पीकरांचा सर्वांत जड भार उतरतो, वूफरची ये-जा कमी होते, आणि तोच स्पीकर अधिक मोठ्याने स्वच्छ वाजतो. पुढे तीन मार्गांचे मोठे स्पीकर घेतले तरी त्यांचा खर्ज तुम्ही छाटूनच टाकणार, म्हणजे ज्या पेटीसाठी अधिक मोजले तिचा निम्मा उपयोग गेला. सबवूफरच्या बाबतीत मात्र एकाऐवजी दोन घ्यावेत आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवून पाहावेत. पाच मीटर लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद ३४ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि अशा जोडीमुळे तो बराच शांत होतो.

मोजपट्टी

पहिल्या पर्यायाविषयी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पुढच्या तिघांत मधला स्पीकर म्हणून आडवी पेटी घेण्याचा मोह होईल, कारण दुकानात संच तसेच मांडलेले असतात. दोन वूफर आडवे, ३० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर अक्षापासून ३० अंश बाजूला त्यांच्या आवाजात १५ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि ११४० हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना पुसून टाकतात. संवादाचा जीव असतो त्याच पट्टीत! मधलाही उभाच आणि तोच नमुना घ्यावा. एकाच केंद्रातून वाजणारे समाक्ष स्पीकर मिळाले तर फारच उत्तम. टॅनॉयने १९४७ पासून आणि केईएफने १९८८ पासून ही रचना चालवली आहे, ती उगाच नव्हे.

ओहमकार

आठ स्पीकर आणि खुर्ची एक. पाहुणा आला तर त्याने कुठे बसायचे?

अष्टदिशा

पाहुण्याला मायक्रोफोनच्या जागी उभे करता येईल असे वाटले होते, पण विषय गंभीर दिसतो. बाजूला बसल्यास नेमके काय बिघडते?

मोजपट्टी

ॲम्बिसॉनिकमध्ये ध्वनिक्षेत्र जिथे बरोबर उभे राहते, ते वर्तुळ कंप्रता वाढली की आक्रसते. १ किलोहर्ट्झला पहिल्या श्रेणीत त्याची त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर असते, म्हणजे डोकेसुद्धा मावत नाही. तिसऱ्या श्रेणीत ती सुमारे साडेसोळा सेंटिमीटर होते. त्यावरच्या पट्टीत डिकोडर वेगळे नियम लावून काम भागवतो, पण पाहुण्याला त्या वर्तुळात बसवायचे तर मांडीवरच घ्यावे लागेल.

ओघात आले म्हणून सांगतो. चार कॅप्सूलांचा मायक्रोफोन पहिल्या श्रेणीचाच संकेत देतो. त्यासाठी सपाट वर्तुळात तीन स्पीकर किमान पुरतात, आणि चार ते सहा हे व्यवहारात चांगले. आठांतून वाजवल्यास शेजारशेजारचे स्पीकर जवळजवळ तेच वाजवू लागतात आणि वरची पट्टी मंद होते. तिसऱ्या श्रेणीला किमान सात लागतात, तिथे आठ चपखल बसतात. म्हणून स्वतःची ध्वनिमुद्रणे ऐकताना आठांपैकी एकाआड एक चारच वापरूनही पाहावे.

अष्टदिशा

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. दोन्ही पर्यायांतले दोन-दोन स्पीकर काही दिवसांसाठी उसने मिळाले, आणि मोजपट्टी यांनी सुचवलेली खुर्ची वळवण्याची चाचणी केली. स्पीकरांसमोर पातळ कापड टांगले होते. कोणता कुठे आहे हे मदतनिसालाच माहीत होते, कारण टूल आणि ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये दाखवल्याप्रमाणे स्पीकर डोळ्यांना दिसत असेल तर जाणकारांचेही मत हलते.

मोठा स्पीकर पुढे आणि लहान बाजूला, अशा जोडीत माणसाचा बोलता आवाज पुढून बाजूला नेला असता तो वाटेत सर्दी झाल्यासारखा झाला. खुर्ची वळवल्यावरही ती सर्दी गेली नाही. एकसारख्या जोडीतही पोत बदलला, पण खुर्ची वळवताच फरक जवळपास नाहीसा झाला, आणि जो उरला तो भिंतीच्या अंतराचा असावा. ओहमकार यांचा कान आणि मोजपट्टी यांचा स्पीकर असे दोघेही आपापल्या जागी बरोबर निघाले.

एका बाबतीत मात्र एकसारखी जोडीही हरली. ३० आणि ११० अंशांच्या मध्ये आभासी आवाज स्थिर उभा राहतच नाही. तो पुढच्या स्पीकरला धरून बसतो आणि मग एकदम उडी मारून मागच्याला जाऊन चिकटतो. बाजूच्या दिशेला आपला कान कच्चा आहे, आणि तिथे प्रत्यक्ष स्पीकर असल्याखेरीज भागत नाही, असा अर्थ मी काढला आहे. आठ घ्यायचे हे त्या क्षणी पक्के झाले.

कानसेन यांच्यासाठी प्रामाणिकपणे नोंदवतो की केवळ समोरून दोन वाहिन्यांचे संगीत ऐकताना मोठे स्पीकर मला अधिक आवडले. ते परत करताना वाईट वाटले.

शेवटी एकाच नमुन्याचे, बंद पेटीचे, समाक्ष स्पीकर घेतले. हा नमुना पुढे बंद झाला तर जोड मिळणार नाही, म्हणून आठाऐवजी नऊ घेतले. नववा कपाटात राहील. वर्तुळ साडेबावीस अंशांनी फिरवले आहे. अडचण एकच उरली आहे. आता नेमका समोर स्पीकर नाही, त्यामुळे ५.१ ची मधली वाहिनी दोघांत वाटावी लागते आणि संवाद किंचित पोकळ वाटतो.

मोजपट्टी

पोकळपणा खरा आहे. दोन स्पीकरांतून एकच संकेत आला की प्रत्येक कानात तो दोनदा, थोड्या अंतराने पोहोचतो आणि २ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. प्रत्यक्ष मधल्या स्पीकरला तो नसतो. कपाटातला नववा काढून शून्य अंशावर, त्याच दीड मीटरवर ठेवा. ॲम्बिसॉनिक ऐकताना तो बंद ठेवा आणि ५.१ ऐकताना चालू करा. त्या वेळी पुढचे दोघे २२.५ वरून ३० अंशांवर सरकवता येतील अशी जमिनीवर खूण करून ठेवली की काम झाले.

कानसेन

म्हणजे अखेर पुढे तीन खास स्पीकर आलेच. मी पहिल्या दिवसापासून दुसरे काय सांगत होतो?

तारेवरची कसरत

धागाकर्ते, आता कपाट रिकामे झाले आहे. दहावा मागवून ठेवा, आणि त्याची वीजबचत बंद होते की नाही ते बघा.